जखम नसलेलं रक्त

मेंदूतला रक्तस्राव हा मृत्यूचा सर्वांत शांत दूत आहे. त्याच्या आधी जो रुग्णापर्यंत पोचतो, तोच खरा वैद्य.

रायपूरच्या समता कॉलोनीतल्या एका धर्मादाय हॉस्पिटलच्या फाटकावर हे वाक्य मोठ्या फ्लेक्सवर हिंदीतून झळकत होतं. फ्लेक्सच्या खालच्या अंगाला नारळपाण्याचा ठेला लागे. ठेल्याच्या छत्रीमुळे वाक्याचा उत्तरार्ध झाकला जाई आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'मृत्यूचा सर्वांत शांत दूत' एवढंच वाचायला मिळे. शेजारी कॅज्युअल्टीचे प्रमुख डॉ. भार्गव दाणी यांचा हात जोडलेला, हसरा फोटो.

वाक्य भार्गवचंच होतं. त्याला वाक्यं सुचत. डॉक्टराला हा दुर्गुण परवडतो, कारण पेशंट टाळ्या वाजवत नसले तरी ट्रस्टी वाजवतात.

पण माणूस कामाचा होता, हेही मान्य केलं पाहिजे. तो येण्याआधी त्या हॉस्पिटलात लकव्याचा पेशंट आला की आधी त्याचा कागद निघे, मग चाकाची खुर्ची शोधली जाई, मग खुर्चीचं चाक. तोवर कोणीतरी हुशारीनं रक्त पातळ करायची गोळी पेशंटला चारून मोकळा होई. लकवा रक्ताच्या गुठळीमुळे असेल तर ते चाललंही असतं. पण आत नस फुटलेली असेल, तर वाहत्या नळाची तोटी आणखी मोकळी केल्यासारखंच. भार्गवनं हे सगळं बंद केलं. त्यानं फाटकावर लाल बेल बसवली. तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड असा पेशंट दिसला की गार्डनं ती दाबायची. बेल वाजली की सीटी स्कॅनचं टेबल रिकामं व्हायचं, ट्रॉली कुठेही न थांबता तिकडे धावायची, बीपी खाली आणायचं औषध पंपात भरून तयार, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर त्यांचा उतारा तयार, मेंदूच्या सर्जनला फोन. माणसं वाचू लागली. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातला एक पानवाला तर स्वतःच्या पायांनी परत येऊन सगळ्या स्टाफला पान देऊन गेला.

शेजारी निळी बेल होती. ती मारपिटीची, अपघाताची. ती वाजली की पेशंट ड्रेसिंग रूममध्ये.

दोन बेलांत घोटाळा होऊ नये म्हणून भार्गवनं गार्डांना ट्रेनिंग दिलं, आणि ट्रेनिंगच्या शेवटी त्याला एक वाक्य सुचलं. "या रोगात रक्त आत सांडतं, बाहेर दिसत नाही," तो म्हणाला. "रक्त दिसलं, तर तो आपला पेशंट नाही!" सगळे हसले. विकी नावाच्या गार्डनं ते मनात पक्कं करून ठेवलं.

गोदावरीकाकूंना आणलं त्या दुपारी भार्गव शहरातल्या एका हॉटेलात, डॉक्टरांच्या परिषदेत, लाल बेलच्या यशावर बोलत होता.

काकू तात्यापाऱ्यातल्या. भार्गवचं बालपण त्यांच्या समोरच्या घरात गेलेलं. त्यांच्या हातची पुरणपोळी खाऊन तो डॉक्टर झाला, असं त्या चारचौघांत सांगत आणि तो ते नाकारत नसे. त्यांचे यजमान शरच्चंद्र पेंढारकर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. भार्गवलाही त्यांनीच शिकवलं. निवृत्तीनंतर ते दरवर्षी मराठी मंडळात 'वैज्ञानिक दृष्टिकोन' या विषयावर व्याख्यान देत, आणि श्रोत्यांत एखादा दाराला लिंबू-मिरची लटकवणारा सापडला की भर सभेत त्याची सालं काढत.

त्या दुपारी ते काकूंना ऑटोतून घेऊन आले. काकूंचं तोंड डावीकडे उतरलं होतं. डावा हात लुळा पडलेला; पण विकीला आधी दिसलं ते हे, की तो हात खांद्यापासून बोटांपर्यंत रक्तानं माखला होता.

"ऍक्सिडेंट?" विकीनं विचारलं.

शरच्चंद्रकाकांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग मान डोलावून म्हणाले, "हव."

विकीनं निळी बेल दाबली.

ड्रेसिंग रूममध्ये डॉ. इंद्रजीत आणि सिस्टर वनमाला जखम शोधू लागले. हात धुतला, रक्त निघालं, खाली जखम नाही. खांदा बघितला. डोक्याला असेल म्हणून वनमालानं काकूंची तेल लावलेली वेणी सोडून केसांतून बोटं फिरवली. तोंड वाकडं का, तर जबड्याला मार बसला असेल. बोलत का नाहीत, तर धसका घेतला असेल. अपघाताची केस म्हणून पोलीस चौकीतून हवालदार आला आणि 'कुठल्या गाडीनं उडवलं' हे विचारू लागला. काका एवढंच म्हणत राहिले, "पडली. पडली ती."

काकूंचा उजवा हात तेवढा शाबूत होता. तो वर उचलून त्या सारखं बोट दाखवत होत्या. समोर भिंतीशी काका उभे होते, काखेत कापडी थैली घट्ट दाबून. "बाबूजींले बोलावून राहिल्या," वनमाला म्हणाली, आणि काकांना पुढे ओढलं. काका पुढे आले. बोट त्यांच्याबरोबर सरकलं. मग ते खाली पडलं.

इंद्रजीतनं डोळ्यात टॉर्च मारला. एक बाहुली मोठी झाली होती. तेव्हा कुठे लाल बेल वाजली. सीटीत डोक्याच्या उजव्या बाजूला तळं साचलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी आयसीयूतच काकू वारल्या. पोस्टमॉर्टेम झालं. अंगावर ओरखडासुद्धा सापडला नाही.

भार्गवनं विकीला बोलावून घेतलं.

"तोंड वाकडं दिसलं नाही तुला?"

"दिखा सर."

"मग लाल का नाही दाबली?"

"सर, खून दिख रहा था." विकी सरळ उभा होता. "आप ही बोले थे, खून दिखा तो अपना पेशंट नहीं."

भार्गवला त्यानंतर बरेच दिवस वाक्य सुचलं नाही.

काकूंचा तिसरा दिवस होता, तेव्हा ड्रेसिंग रूमच्या खिडकीत एक कबूतर येऊन बसलं.

रायपुरात कबुतराचं कोणाला अप्रूप नाही. पण बाकीची कबुतरं बाहेर बघत बसतात. हे आत बघे. उडवलं तर चार हात फडफडून पुन्हा तिथेच येई. रंग राखाडी, आणि एका पायाला लाल दोरा. हॉस्पिटलात प्रेताच्या पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधतात, हे आयाबायांना ठाऊक होतं. दोरा पाहून त्यांनी काय ते समजून घेतलं.

बाई आपली जखम शोधायला आली आहे, असं ठरलं.

मग एकेकीला एकेक आठवू लागलं. रीना नावाच्या आयेनं सांगितलं, की काकूंचा हात धुतला तेव्हा पाणी कितीतरी वेळ लाल येत होतं, नळ बंद केल्यावरसुद्धा. काकू बोट दाखवत होत्या ते काकांकडे नव्हे, दारात जो उभा होता त्याच्याकडे. कोण उभा होता? जो बोलवायला येतो तो. वनमालाला आठवलं ते सर्वांत लहान होतं, आणि म्हणूनच भार्गवच्या मनातून जाईना. हात पुसताना कोपराच्या खळीत एक बारीक पीस चिकटलेलं निघालं होतं. उशीतलं असेल म्हणून तिनं ते टाकून दिलं. "आपल्या उशा कापसाच्या हायेत सर," ती म्हणाली. "हे मले रात्री घरी गेल्यावर आठवलं."

वनमाला मूळची गोंदियाकडची, वडील रेल्वेत. "मी काही भुतंबितं मानत नाही," तिनं बजावलं. "बाबासाहेबांच्या बावीसच्या बावीस प्रतिज्ञा पाठ हायेत मले."

"मग ड्रेसिंग रूममध्ये काहून जात नाही?" भार्गवनं तिच्याच बोलीत विचारलं.

"जाते ना. एकटी जात नाही."

हळूहळू ड्रेसिंगचं काम व्हरांड्यात होऊ लागलं. ट्रस्टच्या सचिवांच्या कानावर गेलं. त्यांनी बैठक बोलावली. शांतिपाठ करावा असा एक प्रस्ताव आला, खिडकीला जाळी लावावी असा दुसरा, आणि तिसरी, पिवळी बेल बसवावी असा तिसरा. ती कशासाठी, हे नंतर ठरवायचं होतं. तिन्ही मंजूर झाले. शांतिपाठ झाला तेव्हा कबूतर खिडकीतच होतं. जाळी लावणाऱ्यानं ती अशी चोख लावली, की कबूतर काच आणि जाळीच्या मध्ये सापडलं आणि दोन दिवस तिथे घुमत राहिलं. शेवटी जाळी कापावी लागली. कबूतर बाहेर आलं, अंग झटकलं आणि परत बसलं.

ते घुमणं भार्गवला सहन होईना. अर्ध्या तोंडानं कोणी काही सांगायचा प्रयत्न करावा, आणि जीभ वळू नये, तसा तो आवाज होता. घरी जेवताना फ्रिज सुरू झाला तरी त्याचा घास हातात राही. तो आलेखवाला माणूस होता. भूत त्याच्या आलेखात बसत नव्हतं. पण जखम नसलेलं रक्तही बसत नव्हतं. ते कुठून आलं हे कळत नाही, तोवर फाटकावरचं ते भोक उघडंच होतं. पुढचा पेशंट असाच माखलेला हात घेऊन येईल आणि निळ्या बेलवर असाच मरेल, ही गोष्ट त्याला कबुतरापेक्षा जास्त घुमून सांगत होती.

एका सकाळी तो तात्यापाऱ्यात गेला.

काकांचं घर वरच्या मजल्यावर. खाली भैय्यालालचं प्लास्टिकच्या बादल्या-टपांचं दुकान. भैय्यालाल काकांचा जुना भाडेकरू. त्यानं भार्गवला पाहून नमस्कार केला आणि लगेच बादल्या मोजायला लागला.

काकांनी चहा केला. दोनच कप धुतलेले होते, त्यातला काकूंचा त्यांनी बाजूला ठेवला आणि भार्गवला स्टीलच्या पेल्यात दिला.

"काका, मी डॉक्टर म्हणून नाही आलो."

"मग कोण म्हणून आलास? फिजिक्सचा पेपर फुटला का?"

"काकूंच्या हातावरचं रक्त कोणाचं होतं?"

काकांनी कप खाली ठेवला. खाली भैय्यालालच्या बादल्या एकात एक बसत होत्या.

"कबुतराचं," ते म्हणाले.

भार्गवनं खुर्ची पुढे ओढली.

"सकाळी हात गळाला तिचा. चहाचा कप पडला. मी ऑटो बोलवायला खाली गेलो, तर हा भैय्यालाल म्हणे, गुरुजी, लकवा है, अस्पताल में तो सुई लगा के सुला देंगे. जंगली कबूतर का गरम खून मलो, मेरे फूफा का हाथ उसी दिन उठ गया था. मी त्याले झापलं. म्हटलं, मूर्ख आहेस. तो म्हणे, हाँ गुरुजी, आणि गाडी काढून बाजारात गेला. मी थांबलो, भार्गव. ऑटो दारात होता आणि मी कबुतरासाठी थांबलो." त्यांनी चष्मा काढला. "ती मान हलवून नाही म्हणत होती. मी तिले समजावलं. म्हटलं, रक्तात ऊब असते, ऊब दिली की स्नायू सैल होतात. उष्णतेचं वहन. सगळं फिजिक्समध्ये बसवलं मी. चाळीस वर्षं शिकवलं ना. माणूस काहीही बसवतो."

"फाटकावर का नाही सांगितलं?"

"तुझ्या गार्डनं विचारलं, ऍक्सिडेंट? मले वाटलं, देवच पावला." काका हसले, आणि ते हसू बघवेना. "अपघात काय, कोणालाही होतो. हॉस्पिटलात तुझे दोन डॉक्टर असे होते, ज्यांनी माझं व्याख्यान ऐकलेलं. त्यांच्यासमोर काय सांगू? बायकोला कबूतर फासून आणलं?"

चहावर साय धरली होती.

"वेळेवर लाल बेल वाजली असती तर वाचली असती?"

हो म्हटलं तर काका संपले असते. नाही म्हटलं तर भार्गव सुटला असता.

"सांगता येत नाही," भार्गव म्हणाला. "मोठा रक्तस्राव होता. लवकर बीपी उतरवलं तर तो वाढायचा थांबतो कधी कधी. कधी कधी नाही थांबत. ते वाक्य माझं होतं, काका. रक्त दिसलं तर आपला पेशंट नाही."

"चांगलं वाक्य आहे," काका म्हणाले. "मीही टाळी दिली असती."

दुसऱ्या दिवशी भार्गवनं गार्डांना पुन्हा गोळा केलं. या खेपेला तो वाक्य न सुचता बोलला. तोंड वाकडं किंवा हात लुळा असेल तर लाल बेल. मग अंगावर रक्त असो, शेण असो की गुलाल. आणि एक प्रश्न विचारायचा. पण 'लावलं का' असं विचारायचं नाही, लोक लाजतात आणि खोटं बोलतात. सगळं गावच लावतं अशा थाटात विचारायचं.

विकीनं हात वर केला. "मतलब ऐसे, सर? 'कबूतर लग गया कि बाकी है?'"

"अगदी असंच," भार्गव म्हणाला.

पाऊस संपता संपता विमलाबाई रामटेके आल्या. तोंड वाकडं, उजवा हात लुळा आणि कोपरापर्यंत लाल. बरोबर त्यांचे यजमान गौतम, रेल्वेतून निवृत्त झालेले, कॉलर बंद, दाढी अर्धी केलेली.

"ऍक्सिडेंट..." ते स्वतःच म्हणू लागले.

विकीनं लाल बेल आधी दाबली आणि मग ट्रॉली ओढता ओढता विचारलं, "कबूतर लग गया, अंकल, कि बाकी है?"

गौतमरावांच्या चेहऱ्यावरून कसलं तरी ओझं घरंगळलं. "लग गया," ते म्हणाले. मग वनमाला दिसली, तसे मराठीत आले. "सिस्टर, आम्ही असलं काही मानत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या. शेजारीण म्हणाली म्हणून..."

"मलेही पाठ हायेत," वनमाला ट्रॉलीबरोबर पळत म्हणाली. "गोळी कोणती चालू हाये त्यांले? रक्त पातळ व्हायची? ते सांगा आधी!"

चालू होती. उतारा टोचला गेला, पंप सुरू झाला, बीपी उतरलं. सीटीत डाव्या बाजूला डाग होता, पण डागच होता. पुन्हा काढलेल्या फोटोत तो तेवढाच राहिला. माखलेला हात मग कोणीतरी निवांत पुसला. काही दिवसांनी विमलाबाई घरी गेल्या. हात अजून जड, बोलणं अडखळत, पण शेजारणीला काय बोलायचं ते त्या नेमकं बोलल्या म्हणे.

आता गोदावरीकाकूंना शांती मिळाली, असं आयाबायांनी ठरवलं. सगळ्या खिडकीकडे बघू लागल्या.

कबूतर हललं नाही.

हे जरा जास्तच होतं. वनमालालाही वाटलं, की भुतानंसुद्धा कुठेतरी समाधान मानावं. भार्गवनं खिडकीकडे बघायचं सोडलं. पण पाठ करून उभं राहिलं तरी मानेवर कोणी बघतं आहे असं वाटे. त्याला ते शाबूत बोट आठवे. काका पुढे सरकले तसं सरकलेलं. तिला काय दाखवायचं होतं?

दिवाळीनंतर शरच्चंद्रकाका बीपी तपासून घ्यायला आले. भार्गवनंच आग्रह केला होता. वनमालानं त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, आणि सोडताना तिला राहवेना.

"काका, राग मानू नका. पण काकू इथंच हायेत."

तिनं त्यांना ड्रेसिंग रूमच्या दारापर्यंत नेलं. मागोमाग भार्गव, रीना आणि नारळपाणी पोचवायला आलेला ठेलेवाला. खिडकीत कबूतर मान वाकडी करून आत बघत होतं.

काकांनी चष्मा पुसून घातला. पुढे वाकून पायाचा लाल दोरा पाहिला.

"हे आमचंच," ते म्हणाले.

रीनानं वनमालाचा हात धरला.

"दुसरं. जोडी आणली होती भैय्यालालनं, दोरा दुकानदारच बांधून देतो. एकाचं रक्त कमी पडलं तर असावं म्हणून दुसरं थैलीत घेऊन आलो होतो. तुम्ही तिला सीटीला नेलं, तेव्हा इथल्याच खिडकीतून सोडून दिलं मी. पंख छाटलेले असतात. लांब नाही जात ते."

भार्गव भिंतीकडे बघत होता, जिथे काका त्या दिवशी थैली दाबून उभे होते.

"म्हणजे काकू बोट दाखवत होत्या..."

"थैलीकडे," काका म्हणाले. "आत ते फडफडून राहिलं होतं."

वनमाला खिडकीजवळ गेली. मग तिनं विचारलं, "पण काका, लागत होतं एक, तर दोन काहून आणले?"

"बाजारात सुटं कबूतर देत नाहीत," काका म्हणाले. "जोडीच घ्यावी लागते."